लुक आफ्टर : अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, अम्मीला नाही, माझी सगळी बिंगं जिला पाठ आहेत त्या थोरल्या बहिणीलाही नाही. दोन-तीनदा अगदी ओठांवर आलं होतं, नाही असं नाही. पण दर वेळी मी काहीतरी निमित्त काढून उठले. चहा टाकला, कपडे वाळत घातले. बोलायला मी कमी पडत नाही हो, उलट माझ्या जिभेला सगळे टरकून असतात. पण हे एक मात्र — नाही निघालं बाहेर.

आता तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. आणि गेल्या आठवड्यात माझ्या लेकीनं एक प्रश्न विचारला, म्हणूनही.

मी इंग्रजी शिकवते. वीस वर्षं उलटून गेली. आता सोलापुरात शाळा, जुळे सोलापुरात दोन खोल्यांचा फ्लॅट, स्कूटी, सगळं व्यवस्थित. सना माझी मुलगी, सातवीत आहे. त्या संध्याकाळी मी भाकरी थापत होते आणि ती ओट्याला टेकून गृहपाठ करत होती. इंग्रजीतल्या जोड-क्रियापदांचा गृहपाठ होता. आपल्याकडे वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करायला सांगतात ना, तसाच.

"अम्मी, लुक आफ्टर. अर्थ मला येतो, सांभाळणं, काळजी घेणं. वाक्य सांग. पुस्तकातलं नको, मॅडम म्हणाल्यात स्वतःचं पाहिजे."

माझे हात पिठात तसेच राहिले. कारण एक वाक्य माझ्याजवळ आहे. इतकं चांगलं वाक्य मी आयुष्यात दुसरं ऐकलं नाही. पण ते माझं नाही, आणि ज्या पोरीचं आहे तिच्याशी मी जे वागले — थांबा, असं शेवटाकडून नको. पहिल्यापासून सांगते.

मी तेव्हा चोवीसची होते. वैरागच्या पुढं एका लहान गावात, सातवीपर्यंतच्या शाळेत शिक्षण सेवक म्हणून लागले होते. शिक्षण सेवक म्हणजे तीन वर्षं तात्पुरती. काम नीट दिसलं तर कायम करणार. आमच्या घराण्यात तोवर कुणी नोकरीचं तोंड बघितलं नव्हतं; अब्बा ट्रक चालवायचे, भाऊ गॅरेजमध्ये. मी शिकले, बाई झाले, याचं मला कोण कौतुक! आरशात बघून पदर सारखा करताना मी स्वतःलाच 'गुड मॉर्निंग, टीचर' म्हणायची. हसू नका. म्हणायची खरंच.

तिसरं वर्ष होतं, आणि तपासणी आली.

ज्यांनी गावाकडच्या शाळा बघितल्यात त्यांना तपासणी काय असते ते सांगायला नको. तालुक्याचे साहेब यायचे. आठ दिवस आधीपासून भिंती झाडा, तक्ते लावा, कुंड्या उसन्या आणा. आणि आदर्श पाठ. आदर्श पाठ म्हणजे साहेबांसमोर घ्यायचा धडा, पण तो अचानक घेतल्यासारखा दिसला पाहिजे. म्हणून आठ दिवस रोज घोकून घ्यायचा. आमच्याकडे एक युक्तीही होती, आधीच्या शिक्षकांपासून चालत आलेली. प्रश्न विचारला की वर्गातल्या सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. साहेबांना दिसतं की अख्ख्या वर्गाला येतंय. बाईंनी फक्त उजव्या हातांना उभं करायचं. मुलांना याची भारी गंमत वाटायची. मलाही वाटायची, खोटं कशाला बोलू?

दुसरी एक पद्धत होती, ती गमतीची नव्हती. मुख्याध्यापक आदल्या दिवशी हळूच सांगायचे, "बाई, ते पाच-सहा नग उद्या वर्गात नकोत." नग म्हणजे मागच्या बाकावरची पोरं. त्यांना म्हणायचं, उद्या सुट्टी घ्या. ती उड्या मारत घरी जायची.

सारिका मागच्या बाकावरची नव्हती. हे मी आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढं सांगताना मीच कुठंतरी लपवीन.

बारा वर्षांची, काळीसावळी, तेल लावून चप्प बसवलेले केस. बाप नव्हता. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची आणि घरी एक म्हैस होती. लिहायला बसली की पोरगी झरझर लिहायची, चुका नावाला. पण बोलायला उभी राहिली की शब्द अडकायचा. मान वर करायची, डोळे मिटायची, ओठ थरथरायचे, आणि 'म म म' करत अर्धं मिनिट जायचं. वर्ग हसायचा. मी वर्गाला रागवायची, पण तिला लवकर खालीही बसवायची. तिची दया येऊन बसवत होते की माझा वेळ जातो म्हणून? तेव्हा दया वाटायची. आता माहीत नाही.

आदर्श पाठासाठी मी 'लुक आफ्टर' निवडलं. लुक म्हणजे बघणं, आफ्टर म्हणजे नंतर, मग दोन्ही मिळून काय, असं विचारलं की पोरं ओरडायची, "नंतर बघू!" मग मी हसायची आणि म्हणायची, नाही रे बाबांनो, नंतर नाही, आत्ताच बघायचं, त्याचं नाव सांभाळणं. तेवढ्यात सारिकानं हात वर केला. उजवा. उभी राहिली, अडकली, आणि कसंबसं म्हणाली, "आय मनती न्हवं बाई, म-म-म्हशीला बघ. तसंच की."

तसंच की! मी दोन पानं टिपण काढलं होतं, आणि हिनं एका दमात — बरं, दमात नाही — पण सांगून टाकलं. म्हाताऱ्या आईला कोण बघतं, लेकराला कोण बघतं, आपण म्हणतोच की असं. मी सगळ्यांना वहीत स्वतःचं वाक्य लिहायला सांगितलं. वह्या तपासल्या. सगळ्यांनी लिहिलं होतं, आई माझा सांभाळ करते. सारिकानं लिहिलं होतं:

माय मदर लुक्स आफ्टर अवर बफेलो अँड अवर बफेलो लुक्स आफ्टर अस.

माझी आई आमच्या म्हशीला सांभाळते आणि आमची म्हैस आम्हाला सांभाळते. बारा वर्षांची पोर! मी खाली लाल शाईनं 'व्हेरी गुड' लिहिलं आणि मनात लगेच ठरवलं, हे वाक्य साहेबांसमोर आलं पाहिजे. वाक्य आलं पाहिजे, असं ठरवलं. ती आली पाहिजे असं नाही ठरवलं.

ते वाक्य मी वैशालीला दिलं. वैशाली गावातल्या किराणा दुकानदाराची, गोरी, खणखणीत आवाजाची, न अडखळता पाठ म्हणणारी. आदल्या दिवशी मी सारिकाला बाजूला बोलावलं. म्हटलं, उद्या तू नको येऊस, पाहुण्यांची गर्दी असेल, तुला बोलायला सांगितलं तर उगाच त्रास होईल. तिनं विचारलं, "म-माजं वाक्य?" मी म्हटलं, वैशाली म्हणेल. मला वाटलं रडेल. रडली नाही. म्हणाली, "तिला 'आफ्टर' न्हाय म्हनता येत, बाई. शि-शिकवू का?" आणि मधल्या सुट्टीत हापशाजवळ बसून तिनं वैशालीकडून ते वाक्य वीसदा म्हणवून घेतलं. मी वऱ्हांड्यातून बघत होते. वैशालीशी बोलताना ती अडखळत नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. चांगला माणूस होता. हे सांगायला जीवावर येतं, कारण तो तिरसट असता तर मला तेवढी तरी पळवाट मिळाली असती. मागच्या बाकावर मुलांत जाऊन बसले. पाठ रंगला. हात वर, उजवे-डावे, सगळं घोकल्याप्रमाणे. मग मी वैशालीला उभं केलं आणि तिनं खणखणीत वाक्य म्हटलं.

साहेब उठून पुढं आले. "वा! हे पुस्तकातलं नाही," म्हणाले. "बाळ, तुझ्या घरी म्हैस आहे?"

आता हे काही आम्ही घोकलेलं नव्हतं. वैशाली गांगरली. "न्हाय सर. आमचं दुकान हाय."

"मग म्हैस कुणाची?" साहेब हसत म्हणाले.

वर्गातल्या सगळ्या माना खिडकीकडं वळल्या. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना, आपसूक वळल्या. खिडकीबाहेर सारिका उभी होती. शाळेचा गणवेश नाही, घरचा विटका फ्रॉक, हातात दावं, आणि दाव्याला ती म्हैस. नको येऊस म्हटलं होतं म्हणून वर्गात आली नव्हती. म्हैस चारायला निघाली असेल आणि आपलं वाक्य कसं होतंय ते ऐकायला थांबली असेल. गज धरून, टाचा उंचावून. चेहऱ्यावर — कसं सांगू? — खुशी होती. वैशालीला 'आफ्टर' नीट जमलं याची खुशी.

साहेबांनी विचारलं, "ही कोण?"

बघा, मी हे इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही ते यासाठी. त्या क्षणी खरं सांगायला किती शब्द लागत होते? आमचीच आहे, सर. वाक्य तिचंच. बस. साहेब खूश झाले असते. तो माणूस रागावला नसता, माझी नोकरीही गेली नसती, हे मला तेव्हासुद्धा कळत होतं. पण मग ती आज वर्गात का नाही, हे त्यांनी विचारलं असतं. आत बोलावून तिला बोलायला लावलं असतं, आणि ती डोळे मिटून 'म म म' करत उभी राहिली असती माझ्या आदर्श पाठात. मला ते नको होतं. माझा पाठ मला साजरा हवा होता.

मी म्हटलं, "ती आमच्या शाळेची नाही, सर. गुरं वळणारी पोरगी आहे."

चाळीस मुलं होती वर्गात. एकानंही तोंड उघडलं नाही. मीच शिकवलं होतं ना, बाई सांगतील तेव्हाच बोलायचं!

साहेबांचा चेहरा उतरला. म्हणाले, "शाळाबाह्य आहे म्हणजे. असं होता कामा नये, बाई. तिच्या घरी जा, समजावा, नाव घाला तिचं." मी म्हटलं, "हो सर." खिडकीत बघितलं तर कुणी नव्हतं. म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजत लांब जात होती.

पाठाला शाबासकी मिळाली. शेऱ्यांच्या वहीत साहेबांनी सुंदर अक्षरात लिहिलं, की विद्यार्थ्यांकडून स्वानुभवातील वाक्ये तयार करून घेतली जातात, अनुकरणीय. मुख्याध्यापकांनी पेढे वाटले. मी खाल्ला.

सारिका दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी स्वतःशी म्हटलं, येईल. पोरांच्या मनात काय राहतंय? तिचं घर शाळेपासून चालत पाच मिनिटांवर होतं. पाच मिनिटं! बाभळीची दोन झाडं आणि एक ओघळ ओलांडला की आलंच. मी गेले नाही. उद्या जाऊ, म्हणायची. पोरं ओरडायची ना, नंतर बघू? तसं.

पंधरा दिवसांनी तिची आई आली. कामावरूनच आली होती, हाताला माती. वर्गाच्या दारात, उंबऱ्याबाहेर उभी राहिली. म्हणाली, "बाई, पोरगी साळंला जा म्हटलं की नुसती रडती. मनती, माजं नाव न्हाय तितं. खरं हाय का? नाव काडलंय व्हय तुमी?"

अल्लानं मला दुसऱ्यांदा संधी दिली होती, बघा. दारापर्यंत आणून दिली होती.

मी म्हटलं, "छे हो, नाव कशाला काढू? नाव आहे की. तीच येत नाही. तुम्हीच लाडावून ठेवलंय."

त्या माउलीनं मान खाली घातली. "व्हय बाई, चुकलंच," म्हणाली आणि गेली. संध्याकाळी तिनं सारिकाला मारलं, हे मला वैशालीनं सांगितलं. आणि सारिकानं मार खाल्ला, पण का जात नाही ते सांगितलं नाही. सांगता येत नव्हतं म्हणून, की सांगायचं नव्हतं म्हणून, मला कसं कळणार? एवढं कळलं की तिच्या आईला ती कधीच खरी वाटली नाही. मी वाटले.

वर्ष संपताना पटावरून तिचं नाव कमी करावं लागलं. कारणाच्या रकान्यात काहीतरी लिहायला हवं होतं. मी लिहिलं, पालक स्थलांतरित. तिची आई त्या वेळी शाळेसमोरच्याच रानात खुरपत होती, खिडकीतून दिसत होती. माझं अक्षर तेव्हाही छान होतं.

त्या उन्हाळ्यात मी कायम झाले. दोन वर्षांनी बदली झाली, लग्न झालं, सोलापूरला आले. त्यानंतर किती मुलांना 'लुक आफ्टर' शिकवलं असेल! पण वाक्य नेहमी पुस्तकातलं देते, नर्स रोग्याला सांभाळते. सनालाही त्या संध्याकाळी तेच दिलं. ती नाराज झाली. म्हणाली, "हे काय गं अम्मी, हे तर सगळेच लिहितात." मी म्हटलं, लिही गुमान, भाकरी करपतेय.

एवढंच असतं तर कदाचित मी आणखी वीस वर्षं गप्प बसले असते. पण मागच्या वर्षी ती मला भेटली.

बार्शीच्या एसटी स्टँडवर. मी नणंदेकडून परत येत होते, सोलापूर गाडीची वाट बघत बाकावर बसले होते. समोरून एक बाई आली, बरोबर तेरा-चौदा वर्षांची मुलगी, पाठीला दप्तर. बाई थांबली, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाली, "ब-बाई?"

त्या एका 'ब' वरून ओळखलं मी. मला वाटलं, आता ही बोलणार. बोलावं, असंही वाटलं. चारचौघांत बोलावं, शिव्या घालाव्यात, मी ऐकून घेईन. पण तिनं वाकून नमस्कार केला. बऱ्या हायसा का, विचारलं. आई दोन वर्षांमागं गेली, म्हणाली. स्वतः कुठल्याशा शाळेत खिचडी शिजवायला जाते. "ही माजी प-पोरगी. नववीत हाय. लई बोलती, माज्यावानी न्हाय." आणि हसली. मी पण हसले. काय करणार?

मुलगी चुणचुणीत होती. माझ्याकडं बघून आईला म्हणाली, "आई, ह्या तुज्या साळंतल्या बाई हायत का?"

सारिकानं माझ्याकडं बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, हे मी शपथेवर सांगते. एखादीला रस्ता सांगावा तितक्या सरळ आवाजात, एकदाही न अडखळता तिनं लेकीला सांगितलं, "न्हाय गं. मी न्हवते त्यांच्या शाळेची."

होती, एवढंच म्हणायचं होतं मला. होती, माझ्या वर्गात होती, सगळ्यांत हुशार होती. तिची लेक समोर उभी होती, माझ्या तोंडाकडं बघत होती.

गाडी लागली. मी पिशवी उचलली, "येते हं," म्हटलं, आणि चढले.